दोन जॉयस्टिक

बीडच्या त्या दुकानात एसटीडी फोनही होता आणि सुटे भाग जोडून कंप्युटरही मिळायचा. लेकीला फोन लावायचा म्हणून मी आपली बाकावर बसलेले. उमापूरकडचे एक धोतरवाले गृहस्थ कंप्युटरचा पंखा कानाशी धरत, डब्याला टिचक्या मारून बघत होते.

"तात्या, कलिंगड हाय का ते?" दुकानदार हसला. "साधंच कार्ड घ्या, हिशेबाला पुरंल."

"हिशेबाला न्हाई, गेमचं भारी कार्ड दे. पोरगं सुटीतबी पुण्यालाच ऱ्हातंय. घरी करमत न्हाई म्हणतंय."

मग त्यांनी जॉयस्टिक मागितल्या, त्याही दोन.

"दुसरी कुणाला?"

"मला की! त्याच्याशेजारी बसायला कायतरी निमित्त नको का?"

तेवढ्यात माझा फोन लागला. नेहमीची खुशाली राहिली बाजूला. मी लेकीला विचारलं, "तुला हल्ली काय आवडतं गं?"