ट्रॅककडे पाठ

प्रवेश फुकट होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण 'तिकीट परवडत नसेल हो लोकांना' असं म्हणणारे शहाणे मला त्या आठवड्यात फार भेटले. राष्ट्रीय ॲथलेटिक्स स्पर्धा आपल्या हैदराबादेत, देशातले सगळ्यात वेगवान पाय आपल्या गावात, आणि स्टँडमध्ये कबुतरं.

पत्रकं मी कॉलेजपासून लिहितो. बसच्या फेऱ्या कमी केल्या, पत्रक. तळ्यात भराव टाकला, पत्रक. पण या वेळचं पत्रक घरचं होतं. माझी धाकटी बहीण पाच हजार मीटर पळते आणि ती या स्पर्धेत उतरणार होती. बाबांनी ठरवून टाकलं होतं, ही शेवटची. सोमवारपासून दिलसुखनगरला बँकेच्या परीक्षेचा क्लास.

"जिथे बघायला कुणी येत नाही त्याला खेळ म्हणत नाहीत, व्यायाम म्हणतात," हे बाबांचं वाक्य. सरकारी खात्यात आयुष्य गेलेला माणूस. वाक्य एकदा मंजूर झालं की त्यात बदल नाही. आणि बघायला न येणाऱ्यांत पहिला नंबर त्यांचाच. तिची एकही शर्यत त्यांनी पाहिलेली नव्हती.

धाकटी मला म्हणाली, "दादा, तू त्यांना एकदा आण. बघून बंद कर म्हणाले तर करीन. न बघता नाही."

म्हणून मी पत्रक काढलं. मराठी, तेलुगू, उर्दू, तिन्हींत. नामपल्ली स्टेशनबाहेर उभा राहिलो. एकाने कागद घेतला, विचारलं, "क्रिकेट है क्या?"

"नहीं, दौड़. नॅशनल."

"दौड़ देखने कू कौन आते भई? नक्को." कागद परत दिला, हे त्यातल्या त्यात सौजन्य. हिमायतनगरात आमच्या मराठी घरांमधली पोरं पत्रक हातात घेऊन आईकडे सरकवायची, "मम्मी, काय लिहिलंय बघ ना." आई वाचायची, मान डोलवायची, फ्रिजवर ठेवायची. हैदराबादेत किती पत्रकं फ्रिजवर संपली असतील, देव जाणे.

आयोजकांबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतो. उद्घाटनाला शाळांच्या बसगाड्या भरून मुलं आणली. पाहुण्यांचं भाषण झालं, मुलांना खाऊचे पुडे मिळाले आणि पहिली शर्यत लागायच्या आत गाड्या परत. उरलेले दिवस एकच फाटक उघडं, तेही मागच्या रस्त्याला. फुकटच्या स्पर्धेला गार्ड विचारतो, "पास है?" पाण्याची बाटली काढून घेतात. आत लाऊडस्पीकरवर खेळाडूंचे नुसते नंबर. नाव सांगितलं तर कुणी त्या नावाने ओरडेल तरी! मग हेच लोक पेपरात सांगतात, प्रेक्षकांना रस नाही.

शेवटी मी आमच्या मराठी मंडळाकडे गेलो. म्हणजे घरातच, कारण मंडळाचे अध्यक्ष बाबा. तिथे युक्ती केली. म्हटलं, आपल्या समाजाची मुलगी राष्ट्रीय स्पर्धेत पळतेय, मंडळातर्फे तिचा सत्कार मैदानावरच करू. सत्कार म्हटल्यावर बाबा सरसावले. शाल, श्रीफळ, बॅनर, प्रमुख पाहुणे म्हणून मंडळातले एक निवृत्त न्यायाधीश. चाळीसेक माणसं यायला तयार झाली. शर्यत आधी, सत्कार नंतर, असं मी दहादा सांगितलं.

त्या संध्याकाळी सगळे खरंच आले. काकू मंडळी सतरंज्या, चिवडा, पंखे घेऊन. अख्ख्या स्टँडमध्ये आम्हीच. मला भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू.

मग न्यायाधीश काका म्हणाले, त्यांना आठला दुसऱ्या कार्यक्रमाला जायचंय. झालं. बाबांनी घड्याळ पाहिलं. "पाहुण्यांचं आधी उरकून घेऊ."

"बाबा, दहा मिनिटांत तिची शर्यत आहे."

"पाच मिनिटांचं काम आहे."

मंडळाच्या इतिहासात पाच मिनिटांत काही झालेलं नाही. बाबा खालच्या कठड्याला टेकून उभे राहिले, तोंड मंडळाकडे, पाठ ट्रॅककडे. अडवायला कोण होतं? गार्ड मोबाईलमध्ये. प्रास्ताविक सुरू झालं, निजामाच्या काळात आपले पूर्वज इथे कसे आले इथपासून.

त्यांच्या पाठीमागे बंदूक उडाली.

बाबांना माईक लागत नाही, बंदुकीनेही ते अडत नाहीत. पुढे पाहुण्यांचा परिचय. बहीण घोळक्यात मागे होती. साडेबारा फेऱ्यांची शर्यत. ती नेहमी मागून सुरू करते. पहिल्यांदा समोरून गेली तेव्हा काकूंचे पंखे थांबले. मग एकेक मान वळायला लागली. बाबा न्यायाधीशांच्या बदल्या सांगत होते, वरंगल, निजामाबाद, आणि चाळीस माणसं त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. तिने एकीला मागे टाकलं. टाळ्या पडल्या. बाबा थांबले, हात जोडले आणि पुढे म्हणाले, "तर अशा या व्यक्तिमत्त्वाचा..."

"अहो, पोरगी बघा तुमची," एक काकू म्हणाल्या.

"वहिनी, दोनच मिनिटं."

मी खाली धावलो. "बाबा, मागे वळा."

"आभार होऊ दे."

शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा न्यायाधीश स्वतःच उभे राहिले, अंगावरची शाल सांभाळत, बाबांच्या पलीकडे बघत. पाहुणे उठले म्हणजे काहीतरी झालं असणार. तेव्हा कुठे बाबा वळले. आभाराचा कागद हातात तसाच.

ती पाचवी आली. पदक नाही. नंबर पुकारला, नाव नाही.

अर्ध्या तासाने ती वर आली, घामाच्या मिठाने पांढरा झालेला चेहरा घेऊन. बाबांनी शाल घातली, नारळ दिला, फोटो झाला. मग तिने विचारलं, "पाहिलंत?"

"शेवटची फेरी पाहिली."

"शेवटची फेरी सगळ्याच जोरात पळतात, बाबा. बघायच्या असतात त्या मधल्या." तिने शाल काढून घडी केली आणि माझ्या हातात दिली. "सोमवारी मी क्लासला जाणार नाही. पुढची शर्यत पहिल्यापासून बघा. मग सोड म्हणा, सोडते."

मंडळासमोर बाबांना कुणी असं बोललं नव्हतं. काकूंनी चिवडा वाटला. न्यायाधीश आठच्या कार्यक्रमाला गेलेच नाहीत.

घरी जाताना ऑटोत आम्ही तिघं. बहीण नारळ मांडीवर घेऊन झोपली होती. मी रागाने बाहेर बघत होतो, मनात नवं पत्रक जुळवत होतो. त्यातली पहिली ओळ बाबांवरच होती. हिमायतनगर जवळ आलं तेव्हा बाबांनी हळूच विचारलं, "हे लोक उलटी प्रदक्षिणा का घालतात रे? डावा हात आत ठेवून?"

मला उत्तर माहीत नव्हतं. इतकी वर्षं घरात एक मुलगी पळतेय, आणि पहिला प्रश्न आज. तोही ती झोपल्यावर.

"तिलाच विचारा," मी म्हटलं. "उठली की."