न उच्चारलेला ‘नको’

लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच मान्य करतो आणि त्याबद्दल क्षमा मागतो. आयुष्यभर मी इतरांसाठी लिहीत आलो — अर्ज, दाखले, कार्यालयातील टिपणे. स्वतःचे असे काही लिहायला पंचाहत्तरी उलटावी लागली, आणि तेही एका अशा गोष्टीसाठी, जी मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. पत्नीलाही नाही. ‘ती असताना सांगायचे राहून गेले’ असे वाक्य मी आत्ताच लिहिले होते, ते खोडले. राहून गेले नव्हते. मी टाळले होते.

गोष्ट एका मोटारीच्या गळक्या नळीपासून सुरू होते. एवढ्याशा रबरी नळीचा आणि माणसाच्या मनाचा काय संबंध, असे तुम्हाला वाटेल. मलाही तेच कुतूहल आहे. इतकी वर्षे मी त्या नळीकडे पुन्हा पुन्हा जातो ते अपराधी म्हणून की केवळ जिज्ञासू म्हणून, हे माझे मला नीट सांगता येत नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. परळच्या आमच्या चाळीत मी एकटाच पदवीधर होतो. त्यामुळे तारा, नोटिसा, गावच्या कोर्टाचे कागद, सगळे माझ्याकडे वाचायला येई. माझ्या शेजारच्या खोलीत परबकाका राहत. मूळचे मालवणकडचे, एका शेठचे ड्रायव्हर, त्याआधी कितीतरी वर्षे गॅरेजमध्ये काम केलेले. ते मला नावाने हाक मारीत नसत. ‘बीए’ म्हणत. त्यात थट्टा होती, आणि थोडा अभिमानही होता. मला दोन्ही आवडत असे.

शेठची गाडी अमेरिकेहून आलेली, लांबलचक. तिचे स्टिअरिंग तेलाच्या दाबावर चालत असे. ज्याला आज सगळे पॉवर स्टिअरिंग म्हणतात, ते तेव्हा मुंबईत मोजक्याच गाड्यांना होते. इंजिनाला जोडलेला एक छोटा पंप, त्यातून निघणाऱ्या दोन नळ्या, आणि ते चाक एका बोटाने फिरत असे. परबकाकांनी एकदा मला ते फिरवून दाखवले होते. एवढी धिप्पाड वस्तू आपले इतके ऐकते, याचे मला फार नवल वाटले होते.

त्यातली एक नळी गळू लागली. नवी नळी बोटीने येऊन पडली होती, पण हरताळामुळे मोटार कंपनीचे गॅरेज बंद. शेठ बाहेरगावी गेलेले, बुधवारी परतणार. परबकाका शेठच्या मॅनेजरला म्हणाले, मीच बदलतो. आणि एका रविवारी सकाळी ती गाडी आमच्या चाळीच्या अंगणात येऊन उभी राहिली.

“रे बीए, खाली ये मां. सायबाचा पुस्तक वाचूचा आसा!”

गाडीबरोबर आलेले ते इंग्रजी पुस्तक होते. काका गोणपाट अंथरून गाडीखाली शिरले आणि मी बॉनेटपाशी उभा राहून वाचू लागलो. सांगायला हवे — त्या दिवशी मी सुरुवातीला खरोखर चांगले वाचले. दाबाची नळी कोणती, परतीची कोणती, नट आधी कोणता सैल करायचा, सारे मी सुबोध मराठीत सांगितले. अडकलेल्या नटावर काकांनी रॉकेल सोडले, पान्याला हिसका दिला, आणि जुनी नळी निघाली. खाली ठेवलेल्या डालड्याच्या डब्यात काळपट तेल ठिबकले. वरच्या गॅलरीतून माणसे वाकून पाहत होती. ती काकांच्या हातांकडे पाहत होती. मला मात्र ती माझ्याकडे पाहत आहेत असे वाटत होते.

नवी नळी बसली. आता तेल भरायचे. पुस्तकात लिहिले होते — ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड.

‘ट्रान्समिशन’ हा शब्द मला ठाऊक होता, पण रेडिओवरचा. कार्यक्रम संपल्यावर निवेदक म्हणतात तो. गाडीत त्याचे काय काम? तिथे थांबून ‘काका, हा शब्द मला कळत नाही’ एवढेच म्हणायचे होते. हे गिअरसाठीचे तेल, हे काकांना कदाचित कळलेही असते, ते गॅरेजमधले. मी म्हटले नाही. मी तो शब्द ओलांडून पुढच्या शब्दावर गेलो. फ्लुइड. गॅरेजात सगळ्यालाच तेल म्हणतात, ऑइल म्हणतात. फ्लुइड कोणी म्हणत नाही. पण काकांच्या सामानात जे दोन डबे होते, त्यांतल्या एकावर हा शब्द छापलेला होता — ब्रेक फ्लुइड. पुस्तकातला शब्द आणि डब्यावरचा शब्द एकच निघाला, आणि मला कोडे सुटल्यासारखा आनंद झाला.

नेमक्या त्याच वेळी रस्त्यावरून मोर्चा चालला होता. घोषणांनी सारे अंगण भरून गेले होते.

“काय म्हणालंस? कसला तेल?” काका गाडीखालून ओरडले.

“ब्रेकचं!” मी ओरडलो. आणि त्यांनी पुन्हा विचारले तेव्हा पुन्हा — “ब्रेकचं, काका, ब्रेकचं!”

हे मी मुद्दाम दोनदा लिहितो आहे. मी ते दोनदा म्हणालो होतो.

काकांनी तेल भरले. इंजिन सुरू करून चाक डावीकडे-उजवीकडे पुरते फिरवले, आतली हवा काढली. एक थेंब गळला नाही. काकींनी वरून चहा पाठवला. दोन-तीन दिवस गाडी उत्तम चालली.

ब्रेकच्या तेलाने त्या पंपाच्या आतली रबरे फुगतात. फुगून निकामी होतात. हे मला नंतर कळले. शेठ परतले, आणि त्याच आठवड्यात बंगल्याच्या फाटकातून आत वळताना चाक एकदम जड झाले. गाडी दगडी खांबाला घासली. कोणाला लागले नाही. पण कंपनीच्या फोरमनने पंप उघडला आणि सांगितले — आत भलतेच तेल भरले आहे.

मॅनेजरने काकांना समोर उभे करून विचारले, “काय परब, तुमचा मोर्चा गाडीतही शिरला का?” म्हणजे त्यांच्या मते काकांनी हे मुद्दाम केले होते. त्या दिवसांत असा संशय घ्यायला फारसे काही लागत नसे. अठरा वर्षांची चाकरी, आणि एका वाक्यात तो माणूस घातपाती ठरत होता.

काकांनी माझे नाव सांगितले नाही. ते त्या संध्याकाळी पुस्तक घेऊन माझ्याकडे आले. रागावलेले नव्हते. गॅलरीत माझ्या शेजारी बसून, काकींना ऐकू जाऊ नये इतक्या हळू त्यांनी विचारले, “बीए, तू माका ब्रेकचाच म्हणालंस मां?”

मी पुस्तक हातात घेतले. पान उलटले. आणि उलटलेल्या पानाच्या माथ्यावरच, ठळक अक्षरांत, सूचना होती — ब्रेकचे फ्लुइड वापरू नये. त्या रविवारी मी पान उलटले नव्हते.

किती वेळ गेला असेल? फार नाही. एखादा माणूस चष्मा पुसेल इतका. तेवढ्यात मला दोन वाक्ये सुचली, आणि दोन्ही तितकीच सोपी होती. मी दुसरे निवडले.

“हे बघा, काका,” मी त्या ओळीवर बोट ठेवून म्हणालो, “इथे लिहिलंय, ब्रेकचं वापरू नये. मी तेच सांगत होतो. ‘ब्रेकचं नको’ असं म्हणालो होतो मी.”

काकांनी त्या ओळीकडे पाहिले. त्यांना ती वाचता येत नव्हती. मग माझ्याकडे पाहिले. त्या क्षणी ते म्हणू शकले असते की तू खोटे बोलतोस. ते म्हणाले नाहीत. ते थोडे हसले आणि म्हणाले, “म्हणजे ‘नको’ तेवढो त्या घोषणांत गेलो.”

मी काय गमावले असते? चाळीतला माझा मान — बीए चुकला, एवढेच. दोन दिवस थट्टा झाली असती. माझी नोकरी वेगळ्या कचेरीत होती. तिला धक्का लागणार नव्हता. हे मी स्वतःला नीट विचारून पाहिले आहे.

दुसऱ्या दिवशी काकांनी मॅनेजरला सांगितले की आपल्याला ऐकू कमी येते. सांगितलेले उलटे ऐकले. घातपाताचा संशय गेला. पण कमी ऐकणारा ड्रायव्हर कोण ठेवील? शेठ माणूस वाईट नव्हते. त्यांनी काकांना काढून टाकले नाही, कॉटन ग्रीनच्या गोदामावर पहारेकरी म्हणून पाठवले. काकांनी त्यानंतर पुन्हा गाडी चालवली नाही.

इथवर कदाचित मी सहन करू शकलो असतो. पण काकांनी ते मॅनेजरपुरते म्हटले नव्हते. त्यांनी त्यावर विश्वास ठेवला होता. ते कोणी बोलले की कानामागे हात धरू लागले. “काय म्हणालंस?” दोनदा, तीनदा. काकी चिडवीत, “जेवूक ये म्हटल्यार बरा ऐकाक येता तुमका!” सारी चाळ हसे. मीही हसे. त्या हशात काकांचे कान धड असल्याची साक्ष होती, आणि ती ऐकणारा मी एकटा होतो.

मी स्वतःच त्यांना इस्पितळात घेऊन गेलो. का? खरोखर का गेलो, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. डॉक्टर मला सोडवतील असे वाटले असावे. डॉक्टरांनी तपासले आणि सांगितले की कान उत्तम आहेत. बाहेर आल्यावर काका म्हणाले, “डाक्टराक काय कळता? तो घड्याळ कानाक लावता नि इचारता, ऐकाक येता? घड्याळ माका ऐकाक येता. माणूस ऐकाक येत नाय.”

मग त्यांनी मला विचारले, तुला काय वाटते? आणि मी म्हणालो, “कधीकधी तपासणीत कळत नाही, काका.”

पहिले खोटे मी घाबरून बोललो, असे एखादा म्हणू शकेल. हे दुसरे मी रस्त्याच्या कडेला, भर दुपारी, शांतपणे बोललो. घोषणा नव्हत्या. प्रत्येक शब्द त्यांना स्वच्छ ऐकू गेला.

काका जाऊन फार वर्षे झाली. गेल्या महिन्यात दादरला त्यांची मुलगी शालू भेटली. त्या रविवारी ती शाळकरी होती. आता आजी झाली आहे. कुठे निघालीस, असे मी विचारले. कानांच्या डॉक्टरांकडे, म्हणाली. त्रास काही नाही. पण बाबांचे कान ऐन उमेदीत गेले, आमच्या रक्तातच ते असणार, म्हणून ती दर वर्षी तपासून घेते. नातवालाही यंदा नेणार आहे. “तुम्हीच ना हो बाबांना पहिल्यांदा इस्पितळात नेलं होतं? बाबा नेहमी सांगायचे,” असे म्हणून ती रस्त्यातच माझ्या पाया पडली. मी तिला आशीर्वाद दिला.

तिचा पत्ता मी लिहून घेतला आहे. तिला खरे सांगितले तर कानांची धास्ती जाईल, आणि बाबांना कोणी फसवले हे तिला कळेल. वडिलांबद्दल असे काही, इतक्या उशिरा, तुम्हाला समजलेले हवे असते का?