नेमाची प्रवासी

दोनका मावशीचा उभा जन्म खोऱ्यातल्या डिझेल रेल्वेगाडीत तिकिटं तपासण्यात गेला. गाडी रडतखडत चालायची, मावशीचं तोंड मात्र सुसाट.

यंदा राजधानीतून मंत्रालयाचा साहेब पाहणीला आला. प्रवासी दिसले तर रुळांवर विजेच्या तारा टाकायला पैसा मंजूर, नाहीतर गाडीच बंद. म्हणून गावचा प्रमुख दिमो याने ठेवणीतल्या कपड्यांतलं अख्खं गाव डब्यात कोंबलं. कुणी चीज भरलेल्या बानित्साचं ताट आणलं, कुणी अकॉर्डियन वाजवू लागलं.

गाडी सुटायच्या आधी साहेब एकेकाला विचारू लागला, "कुठे निघालात?"

हे कुणी ठरवलंच नव्हतं.

"पुढे," एकजण म्हणाला.

"बहिणीकडे," दिमोने ठोकून दिलं.

"कुठली रे बहीण?" मावशी कडाडली. "तुम्ही चौघं भाऊच की!"

हसू दाबत साहेब तिच्याकडे वळला. "रोज एवढी गर्दी असते?"

दिमो डोळ्यांनीच तिच्या पाया पडत होता. मावशीने खिडकीबाहेर बोट दाखवलं. फलाटावर म्हातारी व्हेल्का काठी टेकून उभी होती.

"नेमाची ती एकटी. शहरातल्या इस्पितळात डायलिसिसला जाते. आज या वरातीमुळे तिला चढता आलं नाही."

अकॉर्डियन थांबलं.

"दिमो, उतर," मावशी म्हणाली.

मान खाली घालून दिमो उतरला, त्याच्यामागून सगळं गाव उतरलं. जाता जाता त्यानेच व्हेल्काला हात देऊन वर चढवलं. ती आपल्या नेहमीच्या खिडकीशी बसली.

"आता मोजा, साहेब," मावशी म्हणाली आणि तिने शिट्टी फुंकली.