तेविसावं फोल्डर

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. या सदरात प्रत्येक जण हे वाक्य लिहितो आणि दुसऱ्याच परिच्छेदात त्याला घाम फुटतो, हे मलाही ठाऊक आहे... पण माझा धंदाच अविश्वासाचा. मशीन बंद पडतं तेव्हा त्याला कारण असतं, आणि ते सापडेपर्यंत मी खुर्ची सोडत नाही. घरचे या स्वभावाला वेगळा शब्द वापरतात, तो इथे छापणार नाहीत.

तर, मध्य प्रदेशातलं बालाघाट. साल दोन हजार पाच, मे महिना, सकाळचे अकरा. भरवेलीच्या पुढे मॅंगनीजची एक छोटी खासगी खाण होती. आता ती बंद आहे, नाव विचारू नका. तिच्या सर्वे ऑफिसात सगळे नकाशे स्कॅन करून एका सर्व्हरवर ठेवले होते, आणि त्याची हुबेहूब नक्कल दुसऱ्यावर जायची. तीन दिवस दोन्ही सर्व्हर कोसळत होते.

नकाशे सांभाळायच्या मेश्राम ताई. चष्मा कपाळावर, कमरेला किल्ल्या.

"भाऊ, पूर्वेकडचे जुने नकाशे उघडाले गेलं का मशीन मरते," त्या म्हणाल्या. "आन् ते पाह्यल्याबिगर मी सही करत नाई."

सही कसली, तर परवा पूर्वेच्या बोगद्यात सुरुंग लावायचे होते. जुन्या खाणीत पाण्यानं भरलेले, विसरलेले बोगदे असतात. सुरुंगानं त्यातल्या एखाद्याची भिंत फुटली तर पाणी आत घुसतं आणि माणसांना वर यायला वेळ मिळत नाही. कागदी नकाशे स्कॅन झाल्यावर पेटीत भरून नागपूरला मुख्यालयात गेले होते, ते यायला आठवडा लागणार होता.

मॅनेजर दर तासाला डोकावायचा. "ताई, नवा नकाशा आहे ना? सही करून टाका."

"तुमी उतरता का खाली, साहेब?"

त्यानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"नाई ना. मंग थांबा."

खाली उतरणार होते ते बाहेर बाकावर बसले होते. उईके दादा आणि त्यांचे दहा जण.

आता माझं काम. संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल. फायली डिस्कवर कुठे आहेत हे शोधून देणारी फाईल सिस्टिम त्याच्याच पोटात असते. कर्नल कोसळला की स्क्रीनवर आकड्यांचा ढीग पडतो आणि सगळं थिजतं. आमच्या फोनमध्ये कॅमेरे नव्हते, म्हणजे ढीग हातानं उतरवणं आलं. इथे सर्वेवाल्यांची पद्धत कामी आली: एकानं आकडा वाचायचा, दुसऱ्यानं तो मोठ्यानं परत म्हणून मगच लिहायचा. ताई वाचत होत्या, मी पोपटासारखा बोलत ट्रेसिंग पेपरवर लिहीत होतो. मुद्दाम तीनदा मशीन पाडलं. तीन कागद झाले.

ताईंनी ते तिन्ही एकावर एक ठेवले, खालून दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर. दोन नकाशांतला फरक त्या असाच बघायच्या. म्हणाल्या, "भाऊ, हे तर एकच चाललंय. परत परत."

खरंच. कोणताही जुना नकाशा मागितला की कर्नल थेट तळापर्यंत जात होता: फोल्डर उघड, त्याच्या आतलं उघड, त्याच्याही आतलं उघड...

"ताई, फोल्डरमध्ये फोल्डर किती आहेत हो?"

"खाणीचा नकाशा खोडाचा नसते, नियम हाय. नवा आला का आधीचा 'जुने' मंदी टाकाचा. त्याच्या आदुगरचा त्याच्या आतल्या 'जुने' मंदी. बावीस झाले."

मी खुर्चीवरून उडालोच. दर पायरीला कर्नल थोडी जागा खातो, ही जागा मुळात तुटपुंजी, ती संपली की तो मरतो. कारण सापडलं होतं. मी चहा मागवला, विजयाचा.

चहा येईपर्यंत खात्री करावी म्हणून दुसऱ्या रिकाम्या मशीनवर तीच प्रणाली टाकली, बावीस फोल्डर केले, उघडले... काही झालं नाही. परत केलं. मशीन मजेत. मग एक फोल्डर वाढवलं. तेवीस. धाडकन कोसळलं.

चहा गार झाला.

ताईंनी रजिस्टर काढलं. बावीस नोंदी, प्रत्येकीपुढे त्यांची सही. "बावीसच हायेत, भाऊ."

मग पहिल्या सर्व्हरची डिस्क काढली, हा दोष नसलेल्या नव्या कर्नलच्या मशीनला जोडली — वाचायला मुभा, लिहायला नाही — आणि एकेक पायरी उतरू लागलो. ताई मोजत होत्या. बाविसाव्यात खाणीचा सर्वांत जुना नकाशा. आणि त्याच्या शेजारी आणखी एक 'जुने'.

आत एकच नकाशा होता. पूर्वेची बाजू. तुटक रेषांचा एक बोगदा, थेट परवाच्या सुरुंगाच्या जागेमागे.

ताईंनी स्क्रीनवर पट्टी धरली. "हे माह्या हातचं नाई," त्या म्हणाल्या. मग बोट डाव्या कडेवर नेलं. तिथे केसासारखी उभी रेघ होती. "पण स्कॅनर आपलाच हाय. काचेवर ओरखडा हाय, समद्या नकाशांवर येते ही रेघ. आन् त्या खोलीची किल्ली माह्याजवळच असते."

मॅनेजर म्हणाला, कोणीतरी चेष्टा केली असेल. उईके दादा बाहेरून आत आले, नकाशा पाहिला. "साहेब, आधी बारीक छेद मारून पाहू."

दुसऱ्या दिवशी दुपारी छेद मारला. पाणी इतक्या जोरानं आलं की ड्रिल मागे फेकली गेली. ते दोन दिवस वाहत होतं.

आठवड्यानं नागपूरची पेटी आली. कागद बावीस. संगणक प्रत्येक फाईलवर ती बनवणाऱ्याचा क्रमांक टाकतो; तेविसाव्या नकाशावरचा क्रमांक ऑफिसात कोणालाच दिलेला नव्हता. तारीख होती १ जानेवारी १९७०, पण संगणकाला तारीख माहीत नसली की तो तीच लिहितो, त्यात भुताचा हात नाही. मशीन का कोसळलं, हे मी आजही फळ्यावर लिहून सिद्ध करीन. पण ते फोल्डर नसतं तर मशीन कोसळलंच नसतं, आणि बावीस नकाशे पाहून ताईंनी सही केली असती. ते तिथे कोणी ठेवलं, ही एकच ओळ फळ्यावर कोरी राहते.

निघायच्या आधी मी सगळे नकाशे एकाच फोल्डरमध्ये सरळ ओळीनं लावून दिले, पहिल्या सर्व्हरला नवा कर्नल टाकला. दुसऱ्याकडे वळलो तर उईके दादा दारात.

"साहेब, ह्या मशीनले तशीच राहू द्या."

"काहून, दादा?"

"राहू द्या."

मी पंधरा मिनिटं त्यांना सगळं समजावलं. त्यांनी अदबीनं ऐकलं. "हौ साहेब, तुमचं बरोबरच हाय. पण हिले हात नका लावू. परत कोनी काई ठेवलं तं मरून सांगाले हीच पाह्यजे."

मी नव्या कर्नलची सीडी पिशवीत टाकली. पुढे खाण बंद होईपर्यंत नवा सुरुंग लावायच्या आधी उईके दादा ताईंना त्याच सर्व्हरवर नकाशे उघडायला लावायचे. अकरा माणसं मागे उभी राहायची. ते मशीन पुन्हा कधीच कोसळलं नाही. पण ते कोसळत नाही हे पाहिल्याशिवाय कोणी खाली उतरलंही नाही.