बिनसांध्याचा कोबा

एकदा पायाखालची जमीन हलली की माणूस पुन्हा पहिल्यासारखा उभा राहत नाही. भूकंपानंतरची काही वर्षं लातुरातल्या प्रत्येक व्यासपीठावरून मी हे वाक्य ऐकलं. वक्ते ते चांगले ठामपणे उभे राहून म्हणत. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, उभं राहायला काहीच अडचण नव्हती. त्यांची अडचण झोपायची होती.

आमचं घर पडलं नव्हतं. भिंतींना भेगा गेल्या होत्या, त्या एका इंजिनिअरने येऊन पाहिल्या आणि किरकोळ ठरवल्या. अण्णांची सगळी नोकरी भूमी अभिलेखच्या कचेरीत जमिनी मोजण्यात गेली होती, आणि जमीन काल होती तिथेच आज असते या एका गोष्टीवर ती नोकरी चालली होती. त्यांनी घरातल्या प्रत्येक भेगेवर कागदाची पट्टी आडवी चिकटवली, पट्टीवर तारीख घातली आणि खाली सही केली. भेग वाढली तर पट्टी फाटेल. एकही पट्टी फाटली नाही. तरी ते अंगणात पत्र्याच्या शेडखाली बाजेवर झोपू लागले. पहिल्या वर्षी निम्मी गल्ली बाहेर झोपत होती. मग एकेक बाज आत गेली. दहाव्या वर्षी अण्णांची एकटीच उरली होती.

एव्हाना शहराला दुसरंच काही झालं होतं. जिकडे बघावं तिकडे क्लास निघाले होते. चौकाचौकांत डॉक्टर होणाऱ्या मुलांचे हसरे फोटो, त्यांच्यापेक्षा मोठे त्यांच्या सरांचे फोटो. आमच्या मागच्या दोन खोल्याही आईने बारावीच्या मुलांना दिल्या. मुखेड, देगलूर अशा गावांहून बाप मुलाला सोडायला येत. ऑटोतून गादी, ट्रंक आणि पिठाचा डबा उतरे. असाच मुखेडचा एक बाप खोली बघून खूश होऊन बाहेर आला आणि त्याने बाज बघितली.

"हे आजोबा भायेर का झोपतेत?"

"त्यांना वारं लागतं," आई म्हणाली.

"भूकंप आला तर आतून निघायला टाइम लागतो," अण्णा बाजेवरून म्हणाले.

गादी परत ऑटोत चढली.

आईने तेही सोसलं असतं. पण त्या पावसाळ्यात अण्णांच्या छातीत कफ धरला आणि ते पंधरा दिवस दवाखान्यात पडून राहिले. सोडताना डॉक्टरांनी सांगितलं की अजून एक पावसाळा बाहेर काढायचा असेल तर पुढच्या वेळी मला बोलवू नका. मी तेव्हा नांदेडला रेल्वेच्या कचेरीत होतो, शनिवारी एसटीने घरी यायचो. पुढच्या उन्हाळ्यात आईने मला गेटातच गाठलं.

"पाऊस यायच्या आत त्यांची बाज आत गेली पायजे. कसं ते तू बघ."

कसं ते अण्णांनीच सुचवलं. आमचं अंगण काळ्या मातीचं. पावसाळ्यात मुलांच्या सायकली गेटापासून पायरीपर्यंत रुतत, म्हणून तिथे सिमेंटचा कोबा करायचं बरेच दिवस घाटत होतं. अण्णा म्हणाले, "करा कोबा. मी आत झोपतो. पण कोबा सलग पायजे. जोवर तो धड हाय तोवर मी आत. भेग पडली की माझी बाज भायेर. मग मला कुणी बोलायचं न्हाई."

आईने लगेच होकार दिला. तिला फक्त पुढचा पावसाळा दिसत होता.

मिस्त्री साठीचे होते. त्यांच्या घरात हे काम निजामाच्या काळापासून चालत आलेलं. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांनी पहारीने माती उकरली, मुठीत घेऊन दाबली आणि टाकून दिली.

"साहेब, ही लई बेइमान माती. पाणी पिली की फुगती, ऊन लागलं की फाटती. दोन फूट काढून टाकू, मुरूम भरू, दगडाचं सोलिंग करू. अन् वर चार-चार फुटाला सांधा."

"सांधा म्हणजे?"

"फट ठेवायची. काचेची पट्टी उभी करायची मधी."

"म्हणजे भेगच की."

"भेगच. पण आपल्या मर्जीची. सिमेंट फुटल्याबिगर राहत न्हाई साहेब. आपण जागा दाखवून दिली की गुमान तिथं फुटतं."

"आधीच फोडून ठेवलेला कोबा मला काय सांगणार?" अण्णा म्हणाले. "एकसंध करा. लोखंड घाला."

भूकंपानंतर आमच्याकडे लोखंड घातल्याशिवाय कोणी तुळशीवृंदावनही बांधत नव्हतं, त्यामुळे त्याचं चाचांना नवल वाटलं नाही. सांध्यावर मात्र त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही तरी सांगा की सर."

मी सांगायला हवं होतं. आमच्या कचेरीच्या भिंतीवर एक जुना तक्ता होता. कोणत्या हंगामात रुळांच्या सांध्यात किती फट ठेवायची ते त्यात लिहिलेलं होतं, आणि मी कित्येक वर्षं त्याच्याखाली बसून डबा खात होतो. पण मे संपत आला होता, आणि माझं लक्ष त्या एका बाजेवर होतं.

"अण्णा म्हणतात तसं करा," मी म्हणालो.

चाचांनी मान डोलावली. ज्याचं घर त्याची समज, अशी ती मान होती.

कामाच्या दिवशी शेजारच्या क्लासचे संचालक सकाळीच आले. आमच्या खोल्यांतली मुलं त्यांचीच होती, म्हणून आईने त्यांच्या हातून नारळ फोडून घेतला. त्यांनी भक्कम पाया या विषयावर मुलांना चार शब्द सांगितले. नारळ तिसऱ्या फटक्याला फुटला. मग ते गेले आणि काम सुरू झालं. धुम्मसने मुरूम ठोकून बसवला, जाळी अंथरली, आणि संध्याकाळपर्यंत गेटापासून पायरीपर्यंत हिरवट राखाडी रंगाचा एक सलग कोबा पडला. खरोखर देखणा होता.

त्याला तीन आठवडे पाणी पाजायचं होतं, आणि आमच्या नळाला पाणी येत होतं दहा दिवसांनी. आईने डाळ मिलमधली जुनी पोती आणून अंथरली. भाज्या धुतलेलं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, सगळं पोत्यांवर. मुलांना अंघोळीला एकेक बादली. एकाने कुरकुर केली तेव्हा आई त्याला म्हणाली, "तू डॉक्टर होनार हायस ना? मग हा पेशंट समज." ती स्वतः तीन आठवडे ओल्या फडक्याने अंग पुसत होती, हे मला फार उशिरा कळलं.

पहिला पाऊस पडायच्या आदल्या दिवशी अण्णांची बाज आत आली. खिडकीशी लावली, तिथून कोबा दिसायचा. रोज सकाळी ते हात मागे बांधून गेटापासून पायरीपर्यंत कोब्यावरून चालत. परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक चालतात तसे. पावसाळा गेला, कफ झाला नाही. हिवाळा गेला. शनिवारी मी आलो की आई सांगायची, "झोपतेत. चांगले झोपतेत."

एप्रिलमध्ये एका शनिवारी मी आलो तर कोब्यावर वाळवण घातलेलं होतं. जुनं लुगडं अंथरून त्यावर पापड. उन्हाळ्यात हे सगळीकडेच असतं. पुढच्या शनिवारी कुरडया होत्या. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा पापड, मग शेवया, मग परत पापड. लुगडं दर वेळी त्याच जागी, गेटापासून पायरीकडे लांबोळकं अंथरलेलं. घरात खाणारी माणसं दोन. कोठीच्या खोलीत डबे संपून पापड पिशव्यांत गेले होते.

मी लुगड्याचं टोक उचललं. खाली भेग होती. केसापेक्षा थोडी जाड, गेटाच्या खांबापासून निघून सरळ घराकडे आलेली.

"काय करायलास?" आई मागे उभी होती. तिच्या हातात पिठाची परात होती. "ठेव ते खाली."

"कधीपासून आहे?"

"गुढीपाडव्यापासून. त्यांच्या उठायच्या आधी घालते मी. वाळवणावरून कसे चालतील? कडेकडेनं जातेत."

"आणि उन्हाळा संपल्यावर?"

"एवढा तर जाऊ दे," ती म्हणाली आणि लाटायला आत गेली.

मला राहवेना. ती आत गेल्यावर भेग कुठवर जाते ते मी पाहिलं. लुगडं पायरीच्या अलीकडे संपत होतं, तिथे पायपुसणं होतं. मी ते उचललं. भेगेचं शेपूट त्याच्याखाली होतं, आणि त्यावर कागदाच्या तीन पट्ट्या आडव्या चिकटवलेल्या होत्या. दोन मधोमध फाटलेल्या. तिसरी नवी, अजून धड. तिन्हींवर तारीख, तिन्हींखाली अण्णांची सही. पहिल्या पट्टीवरची तारीख गुढीपाडव्यानंतरच्या चौथ्या दिवसाची होती.

दुपारी अण्णा ओट्यावर खुर्चीत बसल्या बसल्या झोपले होते, तोंड उघडं टाकून. ही डुलकी नव्हती. बऱ्याच रात्रींची झोप होती. ते जागे झाल्यावर मी जवळ बसलो.

"अण्णा, रात्री झोप लागते का?"

"आत गरम होतं."

"मी पायपुसणं उचललं."

मी हळू आवाजात सगळं सांगितलं. ही भूकंपाची भेग नाही, माती वाळली की असंच होतं, सांधा ठेवला असता तर दिसलीही नसती, आणि त्या दिवशी मी गप्प बसलो ही माझी चूक.

"काळी माती मला शिकवू नको," ते म्हणाले. "तीस वर्षं तिच्यावर साखळी ओढली मी. मला कळलं न्हाई का? पहिल्याच दिवशी कळलं."

"मग झोपा की बिनघोर."

"कारण माहीत असलं की झोप लागती, हे कुणी सांगितलं तुला?"

मला कोणी सांगितलं नव्हतं. मी ते गृहीत धरलं होतं.

"मग बाहेर का नाही गेलात? तुमचं तर ठरलं होतं."

त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. आतून पोळपाटाचा आवाज येत होता. "ती पाचला उठती. कमरेत वाकून लुगडं अंथरती. मी खिडकीतून बघतो," ते म्हणाले. "तिला सांगू नको. तिला वाटतं मला दिसलं न्हाई."

मी सांगितलं नाही. अण्णा आतच राहिले. त्याही पावसाळ्यात आणि नंतरच्याही. रात्री ते झोपत होते की छताकडे बघत होते, हे मी पुन्हा विचारलं नाही, आणि आई शनिवारी सांगायची ते मी ऐकून घ्यायचो.

जूनमध्ये माती फुगली आणि भेग जवळजवळ मिटली. पापड दिवाळीपर्यंत पुरले. त्यांत मीठ जास्त झालं होतं.