मुलींच्या बाजूचं दार

आम्हा नवराबायकोला एकाच शाळेत नोकरी लागली तेव्हा पुण्यातले सगळे म्हणाले, "मजा आहे बुवा! दिवसभर बरोबर." डोंबलाची मजा! अबू धाबीजवळ खलिफा सिटीतली ती शाळा बाहेरून एकच दिसायची, पण आत मधोमध भिंत. अलीकडे मुलगे, पलीकडे मुली. मी अलीकडे फिजिक्स शिकवायचो, बायको पलीकडे मॅथ्स. सकाळी एकाच गाडीतून उतरायचं आणि दोन गेटांनी आत जायचं. एकदा भाजीचा डबा माझ्या बॅगेत राहिला आणि पोळ्या तिच्या. तिनं कोरड्या पोळ्या चावल्या, मी नुसती भाजी खाल्ली. अंतर म्हणाल तर हाकेचं!

भिंतीत एक लोखंडी दार होतं. तिथे एक पठाण चाचा खुर्ची टाकून बसलेले असत. पुरुषाला पलीकडे जायचं, मग तो एसी दुरुस्त करणारा का असेना, तर आधी सुपरवायझर बाईंची परवानगी. मग बेल. मग मुलींनी अंगभर काळे झगे, म्हणजे अबाया, घालायच्या, वर्गांची दारं लावायची, कॉरिडॉर रिकामा करायचा, आणि मग यल्ला, चला. मला या प्रकाराचा भयंकर वैताग यायचा. बायको म्हणायची, "तुला काय होतंय? इकडे एकही पुरुष नाही म्हणून मुली काय मोकळ्या हसतात, नाचतात! मला तर बरं वाटतं." ते तर मला आणखीनच झोंबायचं.

दुसऱ्या वर्षी तिला दिवस राहिले. माझ्या आईनं व्हिडिओ कॉलवर तिथल्या तिथे फर्मान काढलं, "तीन महिने कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. शाळेत तर नाहीच नाही. नजर लागते." मी विज्ञानाचा मास्तर, हसलो. बायको म्हणाली, "हसू नकोस रे. ऐकलं तर आपलं काय जातंय?" झालं, ठरलं. मग स्टाफरूममधल्या बाया "बेबी कधी?" म्हणून विचारायच्या आणि ही "इन्शाल्ला" म्हणून सटकायची. वह्यांचे गठ्ठे उचलून जिने चढायची, कारण नाही म्हणायला सबब काय देणार? मी चिडायचो. ती म्हणायची, थोडेच दिवस राहिलेत.

एका सकाळी मी वर्गात असताना तिचा फोन आला. "अरे, पोटात खूप दुखतंय. रक्त जातंय. नर्सच्या खोलीत आहे. ये ना."

मी खडू टाकून पळालो. चाचा उठून दारासमोर उभे राहिले. "साब, अंदर खेल का पीरियड है. बच्चियां बगैर अबाया हैं. मॅडम को पूछना पडेगा." वॉकीटॉकीवर बोलणं झालं. सुपरवायझर बाई आल्या, दार किलकिलं केलं आणि गोड हसून इंग्रजीत म्हणाल्या, "तुमची मिसेस ठीक आहे. पाळीचं दुखणं आहे. खेळाचा तास संपला की बेल देते. फाइव्ह मिनिट्स, इन्शाल्ला." आणि दार लागलं.

इथली फाइव्ह मिनिट्स मला चांगली ठाऊक होती. पण यांना पाळी कुणी सांगितली? मी बायकोला फोन लावला. नर्सनं प्रेग्नंट आहेस का म्हणून सरळ विचारलं होतं, आणि आमच्या बाईसाहेबांनी नाही म्हणून सांगितलं होतं!

"अगं, वेड लागलंय का? सांग तिला!"

"आई म्हणाल्या होत्या ना..." ती रडत होती. "मला काही कळत नाहीये. तू ये फक्त."

च्यायला! एक भिंत यांनी बांधलेली आणि दुसरी आम्ही घरून घेऊन आलेली. मी दोन्ही हातांनी ते दार बडवलं आणि ओरडलो, "माय वाइफ इज प्रेग्नंट! शी इज ब्लीडिंग!" माझ्या मागे मुलांच्या खिडक्यांत डोकीच डोकी दिसत होती. दिसू देत, म्हटलं.

दार धाडकन उघडलं. "आधी का नाही सांगितलंत?" बाई माझ्यावरच खेकसल्या. बेल नाही, काही नाही. त्यांनी अरबीत एकच आरोळी ठोकली, तशा मैदानातल्या सगळ्या मुली भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. दोन वर्षांत ज्या बाईंनी कधी हात मिळवला नव्हता, त्यांनी माझं मनगट धरून मला ओढत नेलं. बायको खाटेवर कोपऱ्यात अंग मुडपून पडली होती. शेजारी ज्यूसचा डबा होता, न फोडलेला.

बाळ राहिलं नाही. डॉक्टर म्हणाली, हे होणारच होतं, तासभर आधी आला असतात तरी थांबवता आलं नसतं. मला ते पटायला फार दिवस लागले. बायकोला लगेच पटलं. ती एवढंच म्हणाली, "पण तेवढा वेळ मी एकटी पडले नसते."

दुसऱ्या दिवसापासून घरी स्टाफरूममधल्या बायांची रीघ लागली. कुणी खजूर आणले, कुणी गहू-मटण घोटून केलेलं हरीस. सुपरवायझर बाई हिचा हात हातात घेऊन बराच वेळ बसल्या आणि रडल्या. त्या असतानाच आईचा फोन आला. सगळी हकिकत मी तिला रात्रीच कळवली होती.

"तरी मी सांगत होते! तू दारात उभा राहून गावभर बोंब ठोकलीस. लागली ना नजर?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंड उघडणार तोच बायकोनं फोन माझ्या हातातून काढून घेतला. आवाज अजिबात चढवला नाही. "आई, कुणाला माहीतच नव्हतं, म्हणून मी तिथे एकटी होते," म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.

पुढच्या वर्षी पुन्हा दिवस राहिले. टेस्ट केली त्याच सकाळी तिनं सुपरवायझर बाईंना सांगितलं, नर्सला सांगितलं, स्टाफरूममध्ये सांगितलं. मला म्हणाली, चाचांनाही सांगून ठेव. मी सांगितलं. चाचांनी दोन्ही हात वर करून दुआ मागितली आणि म्हणाले, "साब, अब आप बस आवाज देना."

आईला आम्ही चौथ्या महिन्यात सांगितलं.