नकाशांच्या खोलीतली मुलगी

शाळेत भूत होतं, आणि ते कुठे राहतं हे पहिलीतल्या पोरालाही पाठ होतं. तिसरा मजला, जिना संपला की डावीकडे, नकाशांची खोली. पत्ता पक्का. बाकी सगळं दर वर्षी बदलायचं.

मावशींनी ते सगळे बदल ऐकले होते. मावशी म्हणजे शाळेची झाडलोट करणाऱ्या मावशी. एकतीस वर्षं झाली त्यांना. बाईच्या हातात झाडू असला की तिला कान नसतात, असा पोरांचा ठाम समज असतो. त्यामुळे मावशी पायऱ्या झाडत असायच्या आणि पोरं त्यांच्या डोक्यावरून भूत एकमेकांना पास करायची.

"आईशप्पथ सांगते, माझ्या ताईच्या मैत्रिणीने पाहिलंय. म्हणजे पाहिलं नाही, ऐकलं. म्हणजे तिच्या बाकावरची होती ना, तिने ऐकलं."

सुरुवातीला ती नुसती एक मुलगी होती. मग तिला गुडघ्यापर्यंत केस आले. एका तुकडीने तिला पांढरा फ्रॉक शिवला, पुढच्या तुकडीने तो रक्ताने भिजवला. मध्ये दोन वर्षं ती चक्क गणिताची बाई होती, पण त्या वर्षी गणिताचा निकालच तसा लागला होता. आतल्या जगाच्या नकाशावर एक निळा डाग होता. तो म्हणे तिच्या रक्ताचा. निळा का, तर भुताचं रक्त शिळं झालं की निळं पडतं. हे सांगणारा पुढे डॉक्टर झाला.

एकच गोष्ट कधी बदलली नाही. त्या खोलीत जायचं तर दारावर आधी दोनदा टकटक करायची. मग थांबायचं. मग पुन्हा दोनदा. आणि मगच कुलपाला हात लावायचा. नाहीतर ती चिडते. भूगोलाचे सर वर्गात छाती काढून म्हणायचे, "भूतबीत सब झूट." नकाशा आणायला वर गेले की इकडे तिकडे बघून डस्टरने दार ठोकायचे. कोणी पाहिलंच तर म्हणायचे, "खडू झटकतोय."

टकटक कुठून आली हे मावशींना ठाऊक होतं. ती त्यांचीच होती.

त्यांची मुलगी याच शाळेत होती. शाळा सुटली की आईचं झाडून होईपर्यंत नकाशांच्या खोलीत बसून अभ्यास करायची. केस बारीक कापलेले, कारण उवा. अंगावर शाळेचा गणवेश, कारण दुसरं बरं काही नव्हतं. भारी दचकरी. पंख्याचं बटण दाबलं तरी दचकायची, म्हणून घरात तिचं नावच दचकू पडलं होतं. एके दिवशी मावशींनी दार धाडकन उघडलं. दचकू दचकली, दौत कलंडली आणि खाली पसरलेल्या जगाच्या नकाशावर, समुद्राच्या मधोमध, शाई सांडली. मावशींनी तिला एक ठेवून दिली. शाळेची वस्तू, नोकरी नवी नाही पण पक्कीही नाही, जीव घाबरला होता.

दुसऱ्या दिवसापासून त्या दार वाजवायला लागल्या. दचकूने घरी मामीलाही ते कौतुकाने सांगितलं. दोनदा टकटक. मधली वेळ टाक खाली ठेवून दौतीचं झाकण लावायला. पुन्हा टकटक. मग आतून आवाज यायचा, "ये."

चौथीच्या सुट्टीत तिला ताप आला. चार दिवस होता. सुट्टी संपली, शाळा उघडली, मावशी कामावर आल्या. आता बाई कोसळेल, मग कोसळेल, म्हणून स्टाफ आठवडाभर पाण्याचा ग्लास घेऊन तयार होता. मावशी कोसळल्या नाहीत. पहिला मजला झाडला, दुसरा झाडला, तिसऱ्यावर गेल्या, दार वाजवलं, थांबल्या, पुन्हा वाजवलं आणि कुलूप काढलं. जिन्यात पाचवीच्या दोन मुली उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिलं. रिकाम्या, कुलूप लावलेल्या खोलीचं दार मावशी वाजवतात आणि कोणाची तरी वाट बघतात. मधल्या सुट्टीपर्यंत शाळेत भूत आलं होतं.

त्याला तेवीस वर्षं झाली. मावशी भावाच्या घरी राहायच्या, मागच्या खोलीत. दचकूचा फोटो वहिनीने केव्हाच कपाटामागे सरकवला होता. "बघून तुम्हालाच त्रास होतो, वन्सं," असं म्हणून. मावशींना त्रास होत नव्हता. काहीच होत नव्हतं. चहा गरम आहे की गार, हे त्या प्यायल्यावर सांगू शकायच्या नाहीत. पण वहिनीला वाद घालायला आवडत नसे आणि मावशींना बोलायला, त्यामुळे घरात ते नाव निघायचं बंद झालं. निघायचं ते फक्त शाळेत. नाव नव्हे, पण ती. लांब केसांची, रक्ताळलेल्या फ्रॉकची, काही का असेना. चारशे पोरांच्या तोंडी रोज एकदा तरी असायची. मावशी पायऱ्या जरा सावकाश झाडायच्या.

या वर्षी नव्या मोठ्या बाई आल्या. वाक्य संपलं की स्वतःच विचारायच्या आणि स्वतःच उत्तर द्यायच्या.

"मावशी, दुसरीतला एक मुलगा नकाशा आणायला गेला आणि जिन्यातच त्याची चड्डी ओली झाली. त्याचे वडील काल माझ्यासमोर बसून ओरडत होते. हे चालणार नाही. कळलं? कळलं. ती खोली रिकामी करून तिथे आपण दुसरी प्रयोगशाळा करतोय. त्याआधी शुक्रवारी सगळ्या मुलांसमोर दार उघडायचं. तुम्ही उघडायचं. मुलांचा तुमच्यावर विश्वास आहे. दार वाजवायचं नाही, सरळ उघडायचं. आणि हे वाक्य म्हणायचं. जमेल? जमेल."

कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: "या खोलीत कोणी नाही आणि कधीच कोणी नव्हतं."

मावशींनी कागदाची घडी घातली आणि पदराला बांधली. खाली प्रयोगशाळेचा शिपाई बाटल्या विसळत होता. पोरं त्याला रबरकाका म्हणायची, कारण कुठलीही गोष्ट तो ताणून तिप्पट करायचा. मावशींच्याच वर्षी लागलेला. दचकूला ओळखणारा शाळेत उरलेला तो एकटा. आणि एवढी एकच गोष्ट त्याने कधी ताणली नव्हती.

त्याने कागद वाचला. पुन्हा वाचला.

"पहिलं अर्धं ठीक आहे," तो म्हणाला.

"हं."

"दुसरं अर्धं तू म्हणणार?"

"लिहून दिलंय त्यांनी."

"अगं, लिहून तर मीही देतो, की मी या शाळेचा मालक आहे. ताई, तू बाईंना सांग ना सरळ."

"काय सांगू?"

 रबरकाकाने बाटली उगाच तिसऱ्यांदा विसळली. "तेही खरंच," तो म्हणाला.

गुरुवारी वहीवाली आली. आठवीतली. तिने आणि आणखी दोघींनी मिळून गूढ शोध मंडळ काढलं होतं. वहीवर कवटी काढलेली, खाली 'अत्यंत गुप्त', आणि त्याखाली तिचं नाव, इयत्ता, तुकडी. मंडळाने रबरकाकाकडून तापमापक उसना घेऊन नकाशाखोलीच्या दाराचं तापमान मोजलं होतं. ते जिन्याइतकंच निघालं. मंडळ नाराज होतं.

"मावशी, तुमची मुलाखत घ्यायची आहे. तुम्ही प्रमुख साक्षीदार आहात."

"पाय उचल."

वहीवालीने पाय उचलला. मावशींनी खालून झाडू फिरवला.

"प्रश्न पहिला. तुम्ही तिला पाहिलंय का?"

"कोणाला?"

"तिलाच. भुताला."

"नाही."

"आवाज?"

मावशी थोडा वेळ झाडत राहिल्या. "आता नाही येत," त्या म्हणाल्या.

वहीवालीने हे लिहून घेतलं, 'आता' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या आणि तिचे डोळे एवढे मोठे झाले, की मावशींनी वळून मागे कोणी आहे का ते बघितलं.

त्या दिवशी घरी गेल्यावर मावशींनी ते वाक्य म्हणून पाहिलं. म्हणता आलं. सहज आलं. आठ शब्द होते. उद्या हे म्हटलं की पोरं दुसरं काहीतरी शोधतील. पाण्याच्या टाकीतलं भूत, मैदानातलं भूत, पोरांना काय. आणि मग ती कुठेच असणार नाही. हे मावशींना भिंतीवरच्या घड्याळाइतकं स्पष्ट दिसत होतं. आपल्याला काहीतरी वाटायला हवं, म्हणून त्या खाटेवर बसून राहिल्या. मग वहिनीने जेवायला हाक मारली आणि त्या उठल्या.

शुक्रवारी तिसरा मजला गच्च भरला. लहान पुढे, मोठे मागे, त्याहून मोठे जिन्यात. भूगोलाचे सर सगळ्यात मागे, शिस्त राखायला. मोठ्या बाईंनी लहानसं भाषण केलं. भीती म्हणजे अज्ञान, अज्ञान म्हणजे अंधार, आणि अंधारात काय दिसतं? काही दिसत नाही.

"मावशी, उघडा."

मावशी किल्ली घेऊन दारापाशी गेल्या. किल्ली उजव्या हातात होती. डावा हात वर गेला.

टकटक.

कोणीतरी पोर "आईग्गं" म्हणालं. मोठ्या बाईंनी डोळे मिटले. मावशी थांबल्या होत्या. टाक खाली ठेवायला आणि झाकण लावायला जेवढा लागतो तेवढाच वेळ. तिसऱ्या मजल्यावर चारशे पोरं होती आणि खालच्या नळाची धार ऐकू येत होती.

टकटक.

मग त्यांनी कुलूप काढलं आणि दार उघडलं. आत गुंडाळलेले नकाशे, एक मोडकं बाक, पृथ्वीचा गोल, त्याचा अक्ष वाकडा झालेला. धूळ नव्हती. मावशी रोज झाडायच्या.

"बघितलं?" मोठ्या बाई म्हणाल्या. "बघितलं. मावशी, सांगा मुलांना."

मावशींनी पदराची गाठ सोडली. कागद काढला, पण उघडला नाही.

"या खोलीत कोणी नाही," त्या म्हणाल्या.

मोठ्या बाई हळूच पुटपुटल्या, "आणि कधीच..."

"होती," मावशी म्हणाल्या. "आता नाही."

जिन्यातून एक मोठा श्वास आल्यासारखा आवाज झाला. मोठ्या बाईंचा चेहरा लाल झाला. वहीवालीने वही उघडली आणि हात वर केला. भुताच्या कार्यक्रमातही हात वर करून विचारायचं, एवढी शिस्त होती.

"मावशी, कोण होती?"

"माझी मुलगी. चौथीत होती. इथे अभ्यास करायची."

"मग नकाशावरचं निळं रक्त?"

"शाई आहे. मी दार जोरात उघडलं म्हणून सांडली. तिची चूक नव्हती." मावशींनी जरा विचार केला. "मी मारलं तिला. नंतर मी दार वाजवायला लागले. दचकायची ती."

हे सगळं त्यांनी तिसऱ्या मजल्यावर किती बादल्या पाणी लागतं ते सांगावं, तशा आवाजात सांगितलं. मागे रबरकाका भिंतीकडे तोंड करून उभा होता. मोठ्या बाई मुलांकडे वळल्या. कळलं का हे विचारलं नाही, कळलं असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी पोरांना ओळीने खाली जायला सांगितलं. पोरं गेली. चारशे पोरं, आणि एकानेही कोणाला ढकललं नाही.

शेवटी वहीवाली उरली. "मावशी, नाव काय तिचं?"

मावशींनी नाव सांगितलं. तेवीस वर्षांनी तोंडात आलं तर ते थोडं मोठं वाटलं, दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखं. वहीवालीने ते लिहिलं, आणि पुढे 'गूढ उकललं' असं लिहून, थोडं थांबून, ते खोडलं.

सोमवारी खोली रिकामी करायला माणसं आली. जुने नकाशे भंगारात जायचे होते. मावशी मोठ्या बाईंकडे गेल्या आणि म्हणाल्या, "जगाचा नकाशा मी घेऊ?" मोठ्या बाई खुर्चीतून उठल्याच. "घ्या ना. घ्या, मावशी." पहिल्यांदाच त्यांनी आधी परवानगी दिली आणि मग काही विचारलंच नाही.

नकाशा मागच्या खोलीत जेमतेम मावला. खालचा, दक्षिण ध्रुवाचा बर्फ खाटेमागे गेला. वहिनी दारात येऊन उभी राहिली.

"हे काय, वन्सं?"

"नकाशा."

"तो दिसतोय. पण कशाला? एवढी भिंत अडवली. आणि डाग पडलाय त्याला."

"असू दे."

वहिनी आत आली. भिंतीचा ओलावा बघावा तशी नकाशाजवळ गेली. डाग समुद्राच्या मधोमध होता, एखाद्या बेटासारखा, कडेला फिकट. तिने त्यावर बोट ठेवलं आणि लगेच काढून घेतलं.  बाहेर गॅसवर चहा उकळत होता.

"दचकूने सांडलेली का?" तिने विचारलं.

"हो."

"किती मारलंत तेव्हा?"

"एकच."

वहिनीने मान हलवली आणि स्वयंपाकघरात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात चहा होता. दार सताड उघडंच होतं. तरी तिने चौकटीवर बोटाने दोनदा वाजवलं आणि थांबली.

मावशींनी वर बघितलं.

"ये," त्या म्हणाल्या.

चहा घेतला. गरम होता.